प्लँट हेडसाठी सहा नावं आली, सहाही एकाच पठडीतली. पुढे काय करू?

भामाकाठ:

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआर बघतो. कंपनी घरच्यांच्या मालकीची आहे, मशिनिंग आणि असेंब्ली मिळून सातशेच्या आसपास माणसं, निम्म्याहून जास्त कंत्राटी. आमचे प्लँट हेड मार्चअखेर निवृत्त होताहेत. मोठ्या साहेबांची मुलगी आता बोर्डावर आली आहे. तिने स्पष्ट सांगितलं की या वेळी यादी वेगळी दिसली पाहिजे आणि तीत निदान दोन महिला हव्यात. मी ते सर्च फर्मला (आमच्यासाठी उमेदवार शोधणाऱ्या कंपनीला) लेखी कळवलं.

काल शॉर्टलिस्ट आली. सहा पुरुष. सगळे पंचेचाळीस ते बावन्न वयाचे, चौघे पुण्यातल्या एकाच कॉलेजचे, पाच जण आमच्या ग्राहकांच्या नाहीतर स्पर्धकांच्या प्लँटमधले. आडनावं वाचली तरी सामाजिक वर्तुळ एकच असल्याचं लक्षात येतं. विचारलं तर फर्मचे सल्लागार म्हणाले, ‘या लेव्हलला मार्केटमध्ये बायका नाहीतच हो.’

खरंच नाहीत का? आणि दुसरी भीती अशी की उद्या एखादी बाई, एखादा दिव्यांग माणूस किंवा वेगळ्या समाजातला कुणी आलाच, तर ‘मॅडमनी सांगितलं म्हणून घेतलं’ हा शिक्का पहिल्या दिवसापासून बसेल. तो बसू द्यायचा नाही. कुणी हे काम प्रत्यक्ष केलं असेल तर मनापासून सांगा.


शिरोली_फाटा:

साहेब, माझी कोल्हापूरजवळच्या शिरोलीला फाउंड्री आहे. माझं मत सरळ आहे, काम येणारा माणूस घ्या. प्लँट हेड चुकला की ग्राहकाची लाइन थांबते, लाइन थांबली की डेबिट नोट येते (ग्राहक नुकसानीचे पैसे कापतो), आणि माझ्यासारख्या लहान कारखानदाराचं त्यात कंबरडं मोडतं. मोठ्या कंपन्यांना प्रयोग परवडतात.

बायकांबद्दल आकस म्हणून हे सांगत नाही. मेंटेनन्सला एक मुलगी घेतली होती, कामाला फार चांगली होती. काही महिन्यांत सोडून गेली. का गेली ते ना तिने सांगितलं, ना मला कळलं. तिचंही नुकसान, माझंही. त्यामुळे यादीत दोन नावं घातली म्हणजे झालं, असं मला वाटत नाही.


मुळशीकर:

भामाकाठ, मी बरीच वर्षं एक्झिक्युटिव्ह सर्चमध्ये, म्हणजे वरच्या पदांसाठी माणसं शोधून देण्याच्या कामात आहे. बहुतेक कामं ऑटो आणि इंजिनिअरिंगची, पुणे, नाशिक, संभाजीनगर या पट्ट्यातली. सविस्तर लिहिते, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

‘मार्केटमध्ये नाहीत’ हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यामागे कायदा आहे. कारखाने कायदा १९४८, कलम ६६. संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात महिलांना कारखान्यात कामाला लावायला मनाई होती. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ही मनाई घटनाबाह्य ठरवली, पण महाराष्ट्रात कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१५ उजाडलं. आता हिशोब मांडा. आज पन्नाशीला आलेली मेकॅनिकलची मुलगी १९९७ च्या सुमारास पास झाली. कंपनीने घेतलीच, तरी प्रॉडक्शनला टाकली नाही, कारण तिसऱ्या पाळीला तिला उभं करता येत नव्हतं. ती गेली क्वालिटीत, डिझाइनमध्ये, पीपीसीत (उत्पादनाच्या नियोजनात), परचेसमध्ये. तिच्याच वर्गातला मुलगा शिफ्ट इनचार्ज झाला, प्रॉडक्शन मॅनेजर झाला. आणि पंचवीस-तीस वर्षांनी आपण जेडीत, म्हणजे पदाच्या कामाच्या वर्णनात, लिहितो, ‘उत्पादनाचा किमान २० वर्षांचा थेट अनुभव, तिन्ही पाळ्या’. त्या एका ओळीत ती बाद. बाद करणाऱ्याच्या मनात कसलाही आकस नसला तरी बाद.

म्हणून सुरुवात जेडीपासून करा. निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या शेजारी बसा आणि ते वर्षभर नक्की काय करतात ते उतरवून घ्या. ग्राहकाची तक्रार आली की एट-डी (दोषाचं मूळ आणि उपाय मांडणारा अहवाल) घेऊन समोर जाणं, आयएटीएफचं (वाहन उद्योगातल्या गुणवत्ता मानकाचं) ऑडिट, युनियनशी वेतन करार, कंत्राटदारांची माणसं आणि त्यांची बिलं, नव्या मशीनचा खर्च मंजूर करून घेणं, महिन्याचा पीअँडएल (नफा-तोटा). मी जिथे जिथे हे करून घेतलं तिथे साधारण अशीच यादी निघाली. रात्री दोन वाजता लाइनवर स्वतः उभं राहणं तिच्यात येत नाही. आता शोधा की ही कामं कुणाकुणाच्या हातून झाली आहेत. सप्लायर क्वालिटी सांभाळलेल्या बाईने दहा-बारा व्हेंडरांचे प्लँट आतून पाहिलेले असतात. कुठल्या सेलला रिजेक्शन का वाढलं, टूल वेळेवर का बदललं गेलं नाही, हे तिला तिथे गेल्या गेल्या कळतं. तिच्याकडे कमी काय असतं? युनियनची बोलणी आणि शेकडो माणसं हाताळण्याचा सराव. हे कमी असतं, ते मी झाकणार नाही. पण तुमच्या सहा जणांतही कुणी पीअँडएल पाहिलेला नसेल, कुणी ग्राहकासमोर एकटा उभा राहिलेला नसेल, आणि त्यांच्याबाबत पॅनेल बिनधास्त म्हणेल, ‘येईल की सहा महिन्यांत.’ तेच सहा महिने तिलाही द्या, एवढंच माझं मागणं असतं.

शिरोलीवाल्या दादांसाठी त्यांच्याच जिल्ह्यातलं उदाहरण. कोल्हापूरच्या लीना नायर सांगलीच्या वालचंदमध्ये इंजिनिअर झाल्या, एक्सएलआरआय या व्यवस्थापन संस्थेत एचआर शिकल्या, हिंदुस्तान लिव्हरला ट्रेनी म्हणून लागल्या आणि पुढे युनिलिव्हरच्या जागतिक एचआर प्रमुख झाल्या. जानेवारी २०२२ पासून त्या शनेलच्या सीईओ आहेत. साबण-शांपूच्या कंपनीतून, तेही एचआरमधून, थेट फॅशनच्या एवढ्या मोठ्या घराची सूत्रं. ‘लक्झरी क्षेत्रातला २० वर्षांचा अनुभव’ अशी अट घालून शोध घेतला असता तर त्यांचं नाव यादीत आलंच नसतं.

आता तुमच्या सर्च फर्मबद्दल. रिटेनरवर (ठरलेल्या फीवर नेमून) काम असेल तर फी बहुधा तीन हप्त्यांत मिळते: काम घेताना, शॉर्टलिस्ट दिल्यावर, उमेदवार रुजू झाल्यावर. शॉर्टलिस्ट लवकर गेली की हप्ता लवकर सुटतो. मग ओळखीतल्या माणसांना फोन जातात, ते आपापल्या बॅचच्या ग्रुपमधली नावं देतात आणि तुमच्यासारखी यादी तयार होते. त्यात ‘ऑफ-लिमिट्स’ हा प्रकार असतो. फर्मच्या ज्या कंपन्या ग्राहक आहेत, तिथली माणसं त्या फर्मला उचलता येत नाहीत. ज्या दोन-तीन प्लँटमध्ये अनुभवी महिला मॅनेजर आहेत, नेमके तेच तुमच्या फर्मला बंद असतील तर? ही यादी त्यांच्याकडून लेखी मागा. आणि दुसरा हप्ता लाँगलिस्टला (शॉर्टलिस्टच्या आधीच्या मोठ्या यादीला) जोडा: किती जणांशी बोलणं झालं, त्यांत महिला किती, नकार कुणी दिला आणि काय कारण सांगून दिला. मी स्वतः ग्राहकाला असा तक्ता देते. तो मागितला की शोधणाऱ्याची नजर आपोआप लांब जाते.

कुठे शोधायचं याचा एक फुकटचा नकाशाही आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल) प्रसिद्ध करावा लागतो. कर्मचारी आणि कामगारांत महिला किती, दिव्यांग किती, बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परत आल्या आणि त्यांतल्या किती पुढे टिकल्या, सगळं त्यात असतं. तुमच्या मोठ्या ग्राहकांचे आणि स्पर्धकांचे चार-पाच अहवाल उघडून बघा. जिथे बायका टिकल्यात तिथे फोन फिरवा.

आडनावांचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत ते बरं केलंत. या विषयावर आपल्या धंद्यात लिंगाबद्दल मोकळेपणी बोलतात आणि जातीपाशी आले की गप्प होतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. तो अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच साप्ताहिकात २०१२ साली देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची पाहणी आली. त्र्याण्णव टक्क्यांच्या आसपास संचालक उच्च जातींचे, एससी आणि एसटी मिळून साडेतीन टक्के.

हे घडतं कसं, ते मी टेबलाच्या या बाजूला बसून बघितलंय. नाशिक भागातल्या एका कंपनीत ऑपरेशन्स हेडची मुलाखत होती. उमेदवार बसला, पाणी आलं, आणि पॅनेलमधले ज्येष्ठ संचालक हसून म्हणाले, ‘मूळचे कुठले तुम्ही?’ त्याने तालुका सांगितला. ‘म्हणजे गाव कुठलं?’ गाव सांगितलं. ‘वडील काय करायचे?’ वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर होते. त्यानंतर प्लँटवर जेमतेम दहा मिनिटं बोलणं झालं. तो गेल्यावर शेरा काय, तर ‘टेक्निकली चांगला आहे, पण ग्राहकासमोर वावर कसा असेल सांगता येत नाही.’ त्याआधी आलेल्या उमेदवाराला गावाबिवाचं काही विचारलं नव्हतं, त्याच्याशी गप्पा शाळेवरून सुरू झाल्या होत्या, कारण संचालक आणि तो एकाच शाळेचे. मी तेव्हा तिथेच म्हटलं की ‘वावर’ कुठल्या उत्तरावरून ठरवला ते दाखवा, आणि दुसरी फेरी मागून घेतली. दुसऱ्या फेरीत त्याला ग्राहकाच्या तक्रारीचा खरा प्रसंग दिला आणि वीस मिनिटं बोलू दिलं. निवड त्याचीच झाली. पण दर वेळी असं म्हणणारं कुणी खोलीत असतंच असं नाही.

म्हणून पॅनेलला जाणाऱ्या प्रोफाइलवरून मी फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता, शाळा सगळं काढते. आडनाव समोरासमोर कळतंच, त्यामुळे मुलाखत बांधून घेते. प्रश्न सगळ्यांना तेच, क्रम तोच, गुण प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचे आणि एकमेकांशी बोलण्याआधी माझ्या हातात द्यायचे. ‘कल्चर फिट’ (आपल्यात मिसळेल का) हा रकाना ठेवतच नाही. कुणाला तो हवाच असेल तर कुठलं वागणं अपेक्षित आहे ते आधी लिहून द्यावं.

आणखी एक सापळा सध्याच्या सीटीसीचा, म्हणजे एकूण पगाराचा. सारख्या कामाचा अनुभव असलेल्या बाईचा पगार बरेचदा कमी निघतो, कारण मध्ये बाळंतपण झालं, नवऱ्याची बदली झाली, एक नोकरी कमी पगारावर धरावी लागली. पॅनेल तो आकडा बघतं आणि म्हणतं, ‘ही आपल्या लेव्हलची नाही.’ पगाराचा आकडा निवड होईपर्यंत पॅनेलला दाखवू नका. ऑफर पदाच्या ठरलेल्या बँडमध्ये द्या.

तुमच्या संचालकबाईंचा दोनचा आग्रह रास्त आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या भरतीवर २०१६ साली संशोधन प्रसिद्ध झालं. अंतिम यादीत एकच बाई असेल तर तिची निवड होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, दोघी झाल्या की चित्र पार बदलतं. एकटी असली की तिचं बाई असणंच आधी दिसतं.

शिक्क्याचं उत्तर त्या गुणपत्रिकेत आहे. ज्या कागदावर बाकीच्यांचे गुण, त्याच कागदावर तिचे. कुणी कुजबुजलं तर मोठ्या साहेबांनी ती समोर ठेवावी.


ताळेबंद:

मुळशीकर ताईंना अनुमोदन. मी सीए आहे. लहानपणी पोलिओ झाला, कुबड्या वापरतो, एका कारखान्यात फायनान्स कंट्रोलर आहे. सीएफओ पदासाठी एका ठिकाणी बोलावलं होतं. मुलाखत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चढलो. घाम पुसत बसलो तोच पहिला प्रश्न, ‘तुम्हाला प्लँट व्हिजिट कशा जमणार?’ वर्किंग कॅपिटलवर, बँकेच्या मर्यादांवर एकही प्रश्न नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असं एकाच ठिकाणी झालेलं नाही.

भामाकाठ, दोन गोष्टी कराच. मुलाखतीच्या पत्रात प्रत्येक उमेदवाराला एक ओळ लिहा: ‘मुलाखतीसाठी काही सोय लागत असल्यास कळवा.’ प्रत्येकाला, म्हणजे कुणाला वेगळं काढल्यासारखं होत नाही. दुसरं, दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम २१ खासगी कंपन्यांनाही लागू आहे. समान संधी धोरण करून ते आयुक्तांकडे नोंदवावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर कुठली पदं दिव्यांगांसाठी योग्य आहेत, निवड कशी होणार, संपर्क अधिकारी कोण, हेही त्यात यावं लागतं. राज्याचं दिव्यांग आयुक्तालय पुण्यातच आहे. तुमचं धोरण नोंदवलेलं आहे का ते उद्याच बघा.

आणि ‘योग्य पदं’ लिहिताना फक्त स्टोअर आणि डेटा एंट्री लिहू नका हो. माझ्यासारखी माणसं ताळेबंदावर सही करतात.


तिसरी_पाळी:

शिरोली_फाटा दादा, तुमची ती मुलगी का गेली ते मला माहीत नाही, पण मी कशामुळे जाणार होते ते सांगते. मी प्रॉडक्शनमध्ये होते, पुढे एका प्लँटची उपप्रमुख झाले.

आमच्या शॉपमधल्या (उत्पादनाच्या शेडमधल्या) महिलांचं टॉयलेट अ‍ॅडमिन बिल्डिंगमध्ये होतं. शॉप ओलांडून, गेटपास दाखवून, पावसाळ्यात छत्री घेऊन. मी पाणी पिणं कमी केलं आणि मूत्रमार्गाचा संसर्ग व्हायला लागला. हे साहेबांना कसं सांगणार? सेफ्टी शूज पुरुषांच्या मापाचे, पाचचा नंबर मागवावा लागायचा, तो यायला दीड महिना. हातमोजे बोटांच्या पुढे लोंबायचे, आणि लेथवर ते किती धोक्याचं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस हमरस्त्याला सोडायची, पुढचा दीड किलोमीटर अंधार.

माझे नंतरचे बॉस वेगळे निघाले. त्यांनी विचारलं नाही, स्वतः शॉपमध्ये फिरून बघितलं. शॉपला लागून टॉयलेट झालं, बस दारापर्यंत गेली. मी पुढे अकरा वर्षं तिथेच राहिले.

पाळणाघराचंही बघा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असले की २०१७ च्या दुरुस्तीपासून ते बंधनकारक आहे, २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेसोबतच. आमच्याकडे नावाला एक खोली होती आणि तिला कुलूप. प्लँट हेड होणाऱ्या बाईची मुलं तोवर मोठी असतील, पण तिच्या हाताखाली ज्या मुली घडायच्या आहेत त्यांना ते लागणारच.


शिरोली_फाटा:

ताई, वाचून गप्प बसलो. आमच्याकडेही टॉयलेट ऑफिसलाच आहे. उद्या सकाळी मेंटेनन्सवाल्यांना घेऊन जागा बघतो. शूजची मापंही विचारून घेतो.


भामाकाठ:

सगळ्यांचे आभार. आज सर्च फर्मशी बोललो. ऑफ-लिमिट्सची यादी मागितली तर आधी टाळाटाळ, मग पाठवली. चाकण-तळेगाव पट्ट्यातले चार मोठे प्लँट त्यात आहेत. म्हणजे शोध तिथे झालाच नव्हता. साहेबांसोबत बसून नवी जेडीही लिहिली, ‘तिन्ही पाळ्या’ काढून टाकलं. समान संधी धोरण आमच्याकडे नाहीच, त्याचा मसुदा हातात घेतलाय.

एक अडचण राहते. पॅनेलवर मोठे साहेब, त्यांचे भाऊ आणि निवृत्त होणारे प्लँट हेड, असे तिघे. संचालकबाई म्हणतात मी बसते. मला वाटतं त्या बसल्या तर शिक्का आणखी गडद होईल. काय करावं?


मुळशीकर:

त्या बसू देत, संचालक म्हणून तो त्यांचा हक्क आहे, आणि मालकाच्या घरातली बाई आहे म्हणून तिला बाहेर ठेवायचं हे तर या सगळ्याच्या उलट होईल. पण चौघांत तिघे घरचेच झाले, म्हणून बाहेरचं एक माणूस आणा. ग्राहकाकडचं नको, हितसंबंध येतात. तिसरी_पाळींसारखं कुणी, ज्यांनी प्लँट चालवलाय आणि ज्यांना तुमच्याकडून काही नको आहे. निवृत्त होणाऱ्या साहेबांना गुण द्यायला लावू नका, त्यांना उमेदवारांना प्लँट दाखवायला सांगा आणि त्या फेरीत उमेदवार काय विचारतो ते टिपून घ्या. आपल्यासारखाच वारस निवडायचा मोह भल्याभल्यांना होतो.

ऑफ-लिमिट्समधल्या चार प्लँटसाठी दुसरी लहान फर्म नेमा, फक्त तेवढ्याच शोधाला. लाँगलिस्ट आली की नावं झाकून इथे टाका, बघू.


तिसरी_पाळी:

पॅनेलसाठी मी येऊ शकते. शनिवार असेल तर बरं. व्यनि करा, आणि मुलाखतीआधी मला शॉप एकदा चालून बघू द्या.